घनचक्करच्या सोंडेवर: वणव्यानंतर रान परत येताना काय करायचं, काय करायचं नाही

भंडारदऱ्याच्या दक्षिणेला, रतनगडापासून पूर्वेकडे निघालेल्या रांगेवर कात्राबाई, मुडा, गवळदेव, घनचक्कर अशी शिखरं एकामागे एक उभी आहेत. उत्तर उताराचं पाणी प्रवरेला जातं, दक्षिणेचं मुळेला. घनचक्करची उंची सुमारे १५३२ मीटर. कळसूबाई (१६४६) आणि साल्हेर (१५६७) यांच्या खालोखाल ती येते, पण कळसूबाईच्या शिड्या आणि रविवारची रांग इथे नाही. शिरपुंज्याच्या भैरवगडाच्या बाजूनं चढून यायचं, नाहीतर खालच्या वाड्यांमधून गुरांच्या वाटेनं. रांगेचा मोठा भाग कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो. माणूस इथे क्वचित पोचतो, वणवा मात्र कुठल्या ना कुठल्या सोंडेवर जवळपास दर उन्हाळ्यात पोचतो.

अशाच एका सोंडेवर मार्चमध्ये वणवा फिरला. त्यानंतर ते रान कसं परत येतं याची नोंद आम्ही पावसाळ्यामागून पावसाळा ठेवत आलो आहोत. त्या कामाची पद्धत, लागणारी मापं आणि काम कुठे फसतं ते इथे सविस्तर लिहितो आहोत. पहिलं आणि सगळ्यांत महत्त्वाचं हे, की सह्याद्रीतलं पानगळीचं रान एका वणव्यानं मरत नाही. त्याचा अर्धा जीव जमिनीखाली असतो. ते मरतं दुसऱ्या आणि तिसऱ्या वणव्यानं, वर आलेले कोंब पुरेसे जाड होण्याआधीच पुन्हा पुन्हा जळाल्यानं. म्हणून पहिल्या वणव्यानंतरच्या सगळ्या कामाचा हेतू एकच असतो: त्या तुकड्याला आगीशिवाय सलग काही पावसाळे मिळवून देणं.

राख वाचणं

अभयारण्यात काहीही करायचं तर आधी वन्यजीव विभागाची लेखी परवानगी आणि सोबत वनरक्षक हवा. जळकं लाकूड उचलणंसुद्धा गुन्हा आहे, आणि ते उचलायचं नसतंच. त्याचा उपयोग पुढे येईल.

परवानगी हातात आली की पहिल्या पंधरा दिवसांत तुकडा पायी पिंजून घ्यावा. उशीर झाला तर वळवाची एखादी सर राख धुऊन नेते, आणि आग कुठे किती तापली याचा पुरावाच जातो. जळीताची सीमा उपग्रहाच्या चित्रावरून काढता येते. सेंटिनेल-२ची चित्रं फुकट मिळतात आणि साधारण दर पाच दिवसांनी त्याच जागेवरून नवं चित्र येतं. मात्र वणव्याआधीचं आणि नंतरचं चित्र एकमेकांच्या शक्य तितकं जवळचं घ्यावं. महिनाभराचं अंतर पडलं, तर मधल्या काळात वाळलेलं गवत आणि खालच्या वावरांतले राबही, म्हणजे रोपांसाठी भाजलेल्या जागाही, जळीतासारख्याच दिसतात, आणि क्षेत्र फुगतं. कड्याच्या सावलीतला भाग चित्रात कळत नाही. तो चालूनच आखावा लागतो.

आग उतारावर वर धावते. चढ दहा अंशांनी वाढला की तिचा वेग साधारण दुप्पट होतो. त्यामुळे धारेवरचं कुसळीचं गवत काही मिनिटांत जळून जातं. लांबून पाहणाऱ्याला तीच सर्वांत मोठी हानी वाटते. प्रत्यक्षात तिथे सर्वांत कमी नुकसान होतं. गवताची आग झटकन पुढे सरकते, आणि जमिनीत दोन-तीन सेंटिमीटर खाली फारशी उष्णता उतरत नाही. कुसळीचं बी तर त्यासाठीच घडलेलं आहे: त्याचं कुसळ ओलाव्यानं पीळ सोडतं आणि वाळताना पुन्हा पिळतं, आणि त्या पिळानं बी मातीत शिरतं. खरी हानी आग जिथे रेंगाळली तिथे असते: पडलेल्या ओंडक्याखाली, कड्याच्या पायथ्याशी साचलेल्या पाचोळ्यात, वाळलेल्या कारवीच्या झुडपांच्या दाटीत आणि ढोली असलेल्या जुन्या झाडांत.

हे राखेच्या रंगावरून कळतं. काळी राख आणि अर्धवट जळालेल्या काड्या असतील तर आग हलकी होती. पांढरी, मऊ राख म्हणजे लाकूड पूर्ण जळालं, आग तिथे तासन्‌तास धुमसली. पांढऱ्या राखेखाली माती विटकरी झाली असेल तर वरच्या थरातलं बी आणि बारीक मुळं संपली असं धरावं. अशा जागा सहसा लहान असतात, एखाद्या ओंडक्याच्या लांबीच्या पट्ट्याएवढ्या. पण पुढे रानमोडी आणि घाणेरी ही तणं आधी तिथेच घुसतात, म्हणून प्रत्येक जागा नकाशावर टिपून ठेवावी.

मातीची एक छोटी परीक्षाही करावी. वरची राख हातानं बाजूला सारायची, उघड्या मातीवर पाण्याचा थेंब सोडायचा आणि घड्याळ पाहायचं. थेंब पाच सेकंदांत जिरला तर ठीक. त्याहून जास्त वेळ तो मण्यासारखा उभा राहिला, तर जळालेल्या पाल्यातल्या मेणचट अंशाचा थर मातीवर बसलेला आहे, आणि पहिल्या पावसाचं पाणी मुरण्याऐवजी वाहून जाणार. एक सेंटिमीटर खरवडून पुन्हा थेंब टाकावा, कारण कधीकधी हा थर पृष्ठभागाच्या किंचित खाली असतो.

झाड जिवंत आहे की नाही

मार्चमध्ये हा प्रश्न वाटतो तितका सोपा नसतो. पांगारा, सावर, काकड ही झाडं तेव्हा तशीही निष्पर्ण असतात. काळवंडलेलं खोड आणि पान नाही एवढ्यावरून झाड मेलं असं लिहिलं की जूनमध्ये नोंदवही खोटी ठरते.

झाडाचा जीव सालीच्या आतल्या पातळ वाढीच्या थरात असतो. तो थर साठ अंश सेल्सिअसच्या आसपास मिनिटभरात मरतो. त्याला साल वाचवते, आणि सालीच्या जाडीचा हिशेब सरळ नाही: जाडी दुप्पट झाली तर उष्णता आत पोचायला साधारण चौपट वेळ लागतो. म्हणून जाड, भेगाळ सालीचा ऐन आणि कुंभा बहुतेक वेळा तरतात, तर पातळ सालीची अंजनी त्याच आगीत वरून मरते. सदाहरित पट्टीत आग शिरली असेल तर म्हणूनच तिकडे आधी जावं.

तपासायला धारदार चाकूनं बुंध्याजवळ, जमिनीपासून वीतभर उंचीवर, चारही बाजूंना बोटाच्या पेराएवढी साल उचलून पाहायची. आतला थर ओलसर आणि पांढुरका, हिरवट किंवा गुलाबीसर असेल तर ती बाजू जिवंत. तपकिरी आणि कोरडा असेल किंवा त्याला आंबूस वास येत असेल तर मेलेली. चारही बाजू मेल्या असतील तर वरचं खोड जाणार, मूळ जगेल की नाही हा वेगळा प्रश्न. एक-दोन बाजू जिवंत असतील तर थांबायचं. उताराच्या वरच्या बाजूला जखम बहुधा मोठी असते. पालापाचोळा गडगडत येऊन खोडाच्या वरच्या अंगाला साचतो, आणि वर चढणारी ज्वाळाही खोडाला वळसा घालून त्याच बाजूला भोवऱ्यासारखी फिरते. फक्त खालच्या बाजूनं पाहून झाड ठणठणीत ठरवलं तर ते चुकतं.

पहिल्या पावसात पालवी फुटली म्हणजे झाड वाचलं असंही नाही. बुंध्याभोवतीचा थर मेलेला असेल तर झाड साठवलेल्या अन्नावर एक-दोन पालव्या काढतं आणि नंतर वाळतं. जखमेतून बुरशी आणि भुंगेरे शिरतात ते वेगळंच. त्यामुळे तीन पावसाळे पाहिल्याशिवाय आम्ही कुठल्याही मोठ्या झाडापुढे अंतिम खूण करत नाही. या भागात हिरड्याच्या बाबतीत हे विशेष जपावं लागतं. बाळहिरडा, म्हणजे हिरड्याचं कोवळं वाळवलेलं फळ, हे इथल्या महादेव कोळी घरांचं हक्काचं रोख उत्पन्न. जखमी हिरडा वाळका समजून तोडला गेला, तर त्या घराचं पुढचं कितीतरी वर्षांचं उत्पन्न बुडतं.

चौकोन

नोंदीसाठी १० × १० मीटरचे चौकोन आखतो. त्यातली १० सेंटिमीटरच्या वर घेर असलेली सगळी झाडं मोजायची, आणि घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर घ्यायचा. उतारावर ही उंची नेहमी वरच्या बाजूनं मोजायची. चौकोनाच्या दोन कोपऱ्यांत ५ × ५ मीटर झुडपांसाठी आणि आत १ × १ मीटर गवत व रोपांसाठी. टेप उताराला टेकवून न धरता आडवा, समपातळीत ताणायचा. तीस अंशांच्या उतारावर टेप जमिनीलगत धरला तर १० मीटरचे प्रत्यक्षात साडेआठच भरतात, आणि हेक्टरी आकडे पार बिघडतात.

चौकोन कुठे घ्यायचे यात मन घालायचं नाही. हिरवं दिसतं तिथे पाय वळतात. नकाशावर जाळं आखून छेदनबिंदूंवर जायचं, कडा आडवा आला तर ठरवलेल्या दिशेला ठरवलेलं अंतर सरकायचं. गवताळ धार, कारवी, पानगळीचा उतार आणि घळ या चारही प्रकारांत चौकोन हवेत. शिवाय शेजारच्या न जळलेल्या रानात तेवढेच हवेत. ते नसतील तर जळीतात दिसलेला बदल वणव्यामुळे झाला की त्या वर्षीच्या पावसामुळे, हे कधीच सांगता येत नाही.

कोपऱ्यांना लोखंडी गज ठोकायचे, वीतभर वर ठेवून. प्लास्टिकच्या पट्ट्या उन्हानं तडकतात आणि पुढच्या आगीत वितळतात. रंग तर एका पावसाळ्यात जातो. अॅल्युमिनियमच्या पातळ पट्टीवर खिळ्यानं आकडा कोरून ती तारेनं बांधावी, आणि गजाभोवती दगडांची छोटी रास करावी. कड्याखाली मोबाइलवरची जागा दहा-पंधरा मीटर सहज चुकते, म्हणून दोन ठळक खुणांपासून होकायंत्राची दिशा आणि टेपचं अंतर वहीत लिहून ठेवायचं. फोटो त्याच गजावरून, त्याच उंचीवरून आणि त्याच दिशेला काढायचे.

पावसाच्या तोंडी

मे महिना हा मातीचा. रांगेच्या पश्चिम टोकाला घाटघरला वर्षाला सुमारे पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पूर्वेकडे तो झपाट्यानं कमी होतो, पण शिखरांवर जूनच्या पहिल्या सरींचा मारा जबर असतो. खाली बेसॉल्टचा कातळ आणि वर वीतभर माती. ती एकदा गेली की पुन्हा तयार व्हायला माणसाचं आयुष्य पुरत नाही.

इथे ते जळके ओंडके कामाला येतात. पडलेली लाकडं उताराला आडवी, समपातळीत लावायची. समपातळी ए-फ्रेमनं, म्हणजे इंग्रजी ‘A’च्या आकाराच्या चौकटीनं काढावी. ती तीन बांबू, एक दोरी आणि एक दगड यांत जागेवर तयार होते. ओंडका जमिनीला पूर्ण टेकला पाहिजे. त्यासाठी खाली दोन-तीन बोटं खोल चर काढून तो बसवायचा, वरच्या अंगाला माती दाबायची, खालच्या अंगाला खुंट्या ठोकायच्या. एका ओळीचा जोड खालच्या ओळीच्या जोडावर येऊ द्यायचा नाही. सर्वांत जास्त काम फसतं ते ओंडक्याखाली राहिलेल्या फटीमुळे: पाणी तिथून जोरानं घुसतं आणि जिथे घळ नव्हती तिथे पडते. लाकूड कमी असेल तर दगडांची गुडघ्याखालच्या उंचीची ताल, म्हणजे बांध, पुरते. उभी वाळलेली झाडं तशीच राहू द्यावीत. त्यांच्यावर बसणारे पक्षी खाली जे बी टाकतात ते कुठल्याही रोपवाटिकेतल्या रोपांपेक्षा त्या जागेला जास्त मानवणारं असतं.

सलग चर, खड्डे, यंत्र यांपैकी काही नको. वणव्यानंतर लगेच खड्डे खणायची घाई होते, आणि कुदळीनं नेमकी तीच मुळं तुटतात ज्यांच्यातून रान परत येणार असतं.

आधी कोण उठतं

धायटी आणि करवंद पावसाची वाट पाहत नाहीत. मुळांत साठवलेल्या पाण्यावर ती एप्रिल-मेमध्येच तांबूस कोंब काढतात. मग कंदवाले येतात. शेवळा, कोळू, भुईचाफा, सापकांदा यांचे कंद आगीच्या वेळी जमिनीखाली निर्धास्त असतात. पहिल्या सरींत ते वर येतात, आणि वर गवताची दाटी नसल्यानं त्या वर्षी भरघोस दिसतात. कड्यांवरची रानकेळ, म्हणजे कवदर, तशीच कंदातून पानं सोडते. हे पाहून वणवा बरा असतो असं म्हणणारे भेटतात. एका वर्षाच्या दर्शनावर तो निष्कर्ष काढू नये. त्याच चौकोनात तिसऱ्या वर्षी काय उरलं ते पाहावं.

जुलैच्या मोजणीत प्रत्येक रोपापुढे एक गोष्ट लिहायचीच: ते बियांतून आलेलं आहे की जुन्या मुळावरचा फुटवा आहे. न उपटता ओळखायचं. बोटानं बुडाभोवतीची माती हलकेच सारली की फुटव्याखाली जाड, गाठाळ खोडकं लागतं, आणि बहुधा एकाच ठिकाणाहून चार-पाच कोंब निघालेले असतात. बियांच्या रोपाला एकच कोवळा देठ असतो आणि तळाशी डाळिंब्या किंवा त्यांच्या खुणा दिसतात. फुटव्यांचा आकडा मोठा आणि बी-रोपांचा किरकोळ असं चित्र असेल, तर रान स्वतःला टिकवून धरतं आहे, पण नवं झाड त्यात भरती होत नाही. सतत जळणाऱ्या उतारांवर हेच दिसतं.

फुटवे विरळ करायचे का? पहिल्या वर्षी अजिबात नाही. पहिल्या पावसाळ्यात कोण तगेल ते कळत नाही, आणि जास्त पानं म्हणजे मुळाला जास्त अन्न. दुसऱ्या पावसाळ्याआधी, परवानगी असेल तर, खोडक्यामागे दोन-तीन सरळ आणि जमिनीलगत फुटलेले कोंब ठेवून बाकीचे धारदार कोयत्यानं तिरके कापायचे. खोडावर उंच फुटलेले कोंब मोठे झाल्यावर वाऱ्यानं फाटतात, ते आधी काढावेत.

कारवीचा हिशेब सगळ्यांहून निराळा. ती साधारण सात-आठ वर्षांनी एकदा, डोंगरच्या डोंगर एकाच वर्षी फुलते, बी धरते आणि मरते. प्रत्येक भागाचं वर्ष वेगळं. मुंबईत बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात ती २००८, २०१६ आणि २०२४ साली फुलली, म्हणून इथेही तेव्हाच फुलेल असं नाही. तुमच्या डोंगरावर ती कधी फुलली हे वाडीतल्या जाणत्यांना विचारून वहीत पहिल्या पानावर लिहावं. अधल्यामधल्या वर्षी वणवा आला तर कारवी बुडातून फुटू शकते. पण फुलोऱ्यानंतरच्या उन्हाळ्यात आख्खा उतार वाळलेल्या काठ्यांनी भरलेला असतो, बी नुकतं तयार झालेलं असतं, जुनं झाड मेलेलं असतं. त्या उन्हाळ्यात, किंवा रोपं एक-दोन वर्षांची असताना आग लागली, तर त्या उतारावरची कारवी संपू शकते, कारण मागे दुसरी पिढीच नसते. वणव्याचा पहारा कुठल्या वर्षी सर्वांत कडक ठेवायचा हे आम्ही कारवीच्या या वेळापत्रकावरून ठरवतो.

गुरं, तण आणि लागवडीची हौस

जळालेल्या उतारावरचं नवं गवत लुसलुशीत असतं, आणि गुरं-शेळ्या न जळलेलं सोडून तिकडेच येतात. शेळी फुटव्याचा शेंडा खाते. तो तिसऱ्यांदा खाल्ला गेला की खोडकं दम सोडतं. कुंपण इथे शक्य नाही. वाडीशी बोलून तीन पावसाळे तेवढ्या तुकड्यात चराईबंदी, आणि त्या बदल्यात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गवत कापून न्यायची मुभा, असं ठरवता येतं. यात दोन्हीकडून फायदा: चारा मिळतो, आणि उन्हाळ्यात जळायला उभं राहणारं गवत कमी होतं. कापणी बी झडल्यावर करावी.

रानमोडी फुलायच्या आत, म्हणजे ऑक्टोबर संपायच्या आधी, माती ओली असताना मुळासकट उपटावी. घाणेरी उपटत नाही आणि वरून छाटली तर जोमानं फुटते. तिचं मुख्य मूळ जमिनीखाली तीन ते पाच सेंटिमीटरवर कुदळीनं तोडायचं आणि झुडूप उलटं, मुळं वर करून ठेवायचं. रिकाम्या जागेत लगेच स्थानिक गवत यायला हवं, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात तिथे घाणेरीचीच रोपं उगवतात.

लागवडीबद्दल स्पष्टच लिहितो. जळीतावर सीडबॉल, म्हणजे बी घातलेले मातीचे गोळे, फेकणं हा श्रमांचा अपव्यय आहे. उघड्या मातीवर पडलेलं बी उंदीर-मुंग्या नेतात, जे उगवतं त्याचं मूळ कातळावर पोचून ऑक्टोबरच्या उन्हात वाळतं. गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) तर या उंचीवर आणूच नये. लागवडीची खरी गरज फक्त विटकरी झालेल्या जागी आणि जळलेल्या सदाहरित पट्टीत असते, कारण तिथे जमिनीखाली शिल्लक काही नसतं. तिथे बी त्याच रांगेवरचं, शक्यतो त्याच उंचीवरचं टोकायचं. जांभळाचं बी साठवून चालत नाही. गर काढून धुतल्यावर आठ-पंधरा दिवसांतच ते टोकायला हवं, नंतर उगवण झपाट्यानं घटते. खोली बियांच्या जाडीच्या दीडपट. जागा करवंदाच्या जाळीच्या किंवा कारवीच्या सावलीच्या कडेला निवडावी: तिथे ऊन कमी, माती ओली आणि काट्यांमुळे शेळीचं तोंड पोचत नाही.

जाळरेषा

आता मुख्य काम. बाकीचं सगळं नीट झालं आणि हे राहिलं, तर पुढच्या मार्चमध्ये सगळं पुन्हा शून्यावर.

महाराष्ट्रात वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरला जातो, म्हणजे जाळरेषा, आग अडवण्यासाठी गवत-पाचोळा काढून मोकळी केलेली पट्टी, त्याआधी तयार हवी. रुंदी किमान ६ मीटर. खालून चढ येतो त्या बाजूला आणि उंच गवतात १२. रेषा आखताना सोंडेची धार, पायवाट, ओढा, कातळाचा पट्टा यांचा आधार घ्यायचा. उताराच्या मध्यावर आडवी रेषा आखली तर जळता ओंडका किंवा पेटलेलं शेण वरून गडगडत खाली येऊन ती ओलांडतं. धारेवर रेषा असली की वर चढणाऱ्या आगीचा जोर तिथे मुळातच मोडतो.

गवत नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, पूर्ण वाळायच्या आत कापायचं आणि रेषेच्या मधोमध ओढून घ्यायचं. वाळल्यावर ते वनविभागाच्या माणसांच्या उपस्थितीत, सकाळी दव असताना, वारा पडलेला असताना जाळायचं. सुरुवात वरच्या टोकाकडून, म्हणजे आग खाली आणि वाऱ्याविरुद्ध सरकत येते आणि ताब्यात राहते. दोन्ही कडांना हिरव्या डहाळ्या घेतलेली माणसं एकमेकांच्या नजरेत हवीत. अंगावर सुती कपडे, पायांत बंद बूट. पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं, हे प्रत्येक नव्या माणसाला सांगायचंच.

रेषा बहुतेकदा फसते ती पानगळीमुळे. डिसेंबरमध्ये लखलखीत झालेल्या रेषेवर फेब्रुवारी ते एप्रिल ऐनाचा आणि हिरड्याचा पाला पडत राहतो, आणि मार्चच्या मध्याला ती पुन्हा पेटण्याजोगी होते. कागदावर जाळरेषा असते आणि आग तिच्यावरून चालत जाते. म्हणून फेब्रुवारीपासून दर पंधरा दिवसांनी रेषा झाडायची. ब्लोअर असेल तर दोन माणसांत बरंच अंतर होतं, नसेल तर दाताळं. ब्लोअरचा वारा रेषेबाहेर, जळू द्यायच्या बाजूला मारायचा. पेटलेल्या उंच ज्वाळेसमोर तो धरायचा नाही. आगीच्या कडेला, गुडघ्याएवढी ज्वाळा असेल तिथेच तो चालतो.

बुंध्याला जखम असलेल्या आणि ढोलीच्या झाडांभोवती दोन मीटरपर्यंतचा पाचोळा वेगळा ओढून काढावा. ढोली धुराड्यासारखी ओढ घेते. एकदा आत ठिणगी गेली की झाड दोन-दोन दिवस आतून जळत राहतं आणि कोसळताना रेषेपलीकडे निखारे फेकतं.

भारतीय वन सर्वेक्षणाचे आगीचे इशारे मोबाइलवर फुकट मिळतात. ते जरूर लावून घ्यावेत, पण त्यांच्यावर विसंबू नये. उपग्रहाचा एक ठोकळा ३७५ मीटरचा असतो, तो ठरावीक वेळीच वरून जातो, आणि दोन फेऱ्यांच्या मधे पेटलेली गवताची आग तोवर अख्खी सोंड पार करते. वाडीतून दिसलेला धूर आणि एक फोन हा सर्वांत लवकरचा इशारा.

वणवा लागतो कुठून हे वाडीत सगळ्यांना ठाऊक असतं. राब भाजताना उडालेली ठिणगी, मधासाठी केलेला धूर, नवं गवत यावं म्हणून लावलेली काडी, भटक्यांची विझवल्यासारखी दिसणारी चूल. राबाला नावं ठेवून काही होत नाही. शेण, टहाळ, पाला आणि वर माती असे थर भाजल्यानं तण मरतं, राख मिळते आणि भात-नागलीचं रोप जोमदार येतं. शेतकऱ्याला कारण पक्कं ठाऊक आहे. त्याच्याशी ठरवायचं ते एवढंच: राबाभोवती तीन मीटर जमीन झाडलेली, वारा पडल्यावर पेटवायचं, दोन माणसं आणि पाण्याचा हंडा जवळ, आणि राख हाताला गार लागेपर्यंत जागा सोडायची नाही. डोंगराला लागून असलेले राब एकाच ठरलेल्या दिवशी भाजले तर राखणीला माणसं पुरतात. भाताच्या चारसूत्री पद्धतीत राबाऐवजी तुसाची राख रोपांच्या गादीवाफ्यात मिसळतात. ज्यांना जमेल त्यांनी तो मार्ग घ्यावा, पण तुसाची राख गिरणीवरून वर आणायची सोय आधी व्हायला हवी.

तिसऱ्या पावसाळ्यानंतरच्या मोजणीत आम्ही दोन गोष्टी पाहतो. एक, सर्वांत उंच फुटव्यांचे शेंडे गवताच्या वर किती गेले: शेंडा माणसाच्या डोक्याच्या वर असेल तर गवताची ज्वाळा सगळी पानं घेत नाही. दुसरी, बुडाशी साल किती जाड झाली. धारेवरच्या उथळ मातीत ऐनाला यासाठी घळीतल्या ऐनापेक्षा कितीतरी जास्त वर्षं लागतात, म्हणून तुकड्याची सरासरी काढून पहारा उठवायचा नाही. घळीकडचा भाग मोकळा सोडता येतो. धारेकडची जाळरेषा तेव्हाही पुढच्या नोव्हेंबरच्या कामांत लिहायची.